आपल्यावाचून चालेल अशी मंडळी

नवी मंडळी सुरू करणे आता तितकेसे अवघड राहिलेले नाही. चार-पाच कुटुंबे, कोणाच्या तरी घरातली मोठी खोली किंवा शाळेचा हॉल, एक कीबोर्ड, एक माइक आणि बऱ्यापैकी बोलता येणारा माणूस एवढे जुळून आले की रविवारची उपासना सुरू होते. अवघड असते ते पाच-सात वर्षांनंतरचे. ज्याने मंडळी सुरू केली तो आजारी पडला, त्याला दुसऱ्या गावी जावे लागले, त्याचे पाऊल घसरले किंवा तो प्रभुघरी गेला, तर मागे काय उरते? पुष्कळ ठिकाणी एक बोर्ड उरतो, जागेचा वाद उरतो आणि दोन गट उरतात. "अमक्या पास्टरांची मंडळी" असे जिचे नाव लोकांच्या तोंडी बसले, ती त्या पास्टरांबरोबरच आटोपते.

तेव्हा पहिली सभा कशी भरवावी, पत्रके कशी छापावीत, यूट्यूबवर संदेश कसे टाकावेत हे या लेखात सापडणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. नवी मंडळी उभारू पाहणाऱ्या पाळकाने, सुवार्तिकाने किंवा वडीलजनाने कोणती मूल्ये मनाशी पक्की करावीत, एवढेच इथे पाहू. माझ्या मते ती सगळी एका प्रश्नाला बांधलेली आहेत. कोणताही निर्णय घेताना स्वतःला विचारावे: याने मंडळी माझ्यावाचून उभी राहायला शिकेल, की माझ्या अंगावर आणखी रेलेल?

उठून जाण्याची तयारी

हा प्रश्न काही आजचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन आणि बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन हे दोघे आपापल्या जागी बसून एकाच निष्कर्षाला आले. मंडळी स्वतःचा खर्च स्वतः भागवू लागली, स्वतःचा कारभार स्वतः पाहू लागली आणि स्वतःच सुवार्ता पसरवू लागली की मिशनऱ्याने तिथून उठावे. अँडरसन 1854-55 साली स्वतः हिंदुस्थानात येऊन गेले. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 पासून चालू होते. इंग्रजी शाळांवरचा भर कमी करून मराठीकडे आणि खेड्यांकडे वळावे, आणि मंडळ्या देशी पाळकांच्या हाती द्याव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना दीक्षा देऊन नगरच्या मंडळ्यांचे पाळकपद सोपवण्यात आले. पाळक देशी झाले, तिजोरीची किल्ली मात्र पुढे बराच काळ मिशन बंगल्यातच राहिली. सूत्र सर्वांना मान्य होते. अंगी लागायला फार वेळ गेला.

त्याआधीचे उदाहरण हवे असेल तर प्रेषितांची कृत्ये उघडावीत. पौल करिंथात दीड वर्ष राहिला, इफिसात सुमारे तीन वर्षे. त्याचा सर्वांत लांब मुक्काम हाच. लुस्त्र, इकुन्य आणि अंत्युखियातून तर छळ सोसून बाहेर पडावे लागले. परतीच्या वाटेवर तो पुन्हा तिथे गेला, प्रत्येक मंडळीत वडील नेमले आणि पुढे निघाला. चीनमध्ये काम केलेल्या रोलंड अ‍ॅलन यांनी 1912 साली पौलाच्या आणि आपल्या पद्धतींची तुलना करणारे पुस्तक लिहिले, तेव्हा मिशनऱ्यांना ते झोंबले. त्यांचे म्हणणे साधे होते: नव्या विश्वासणाऱ्यांच्या ठायी पवित्र आत्मा काम करतो असे आपण शिकवतो, पण वागताना मात्र तसे मानत नाही.

याचा अर्थ काल बाप्तिस्मा घेतलेल्याच्या हाती आज मंडळी द्यावी असा नाही. तीमथ्याला लिहिताना पौलच नवशिक्याला अध्यक्ष करू नको असे बजावतो. पण नेमू नये म्हणजे शिकवूही नये, असा सोयीस्कर अर्थ आपण काढलेला आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच शास्त्रवाचन, मध्यस्थीची प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी ही कामे वेगवेगळ्या माणसांकडे जावीत. वर्षभरात निदान दोघांनी उपदेशाची जबाबदारी घ्यायला लागावे. आधी तयारीला बसावे, मग त्यांनी बोलावे, मग चहा घेताना चुकले काय ते मोकळेपणी सांगावे. पहिले काही उपदेश कच्चे होतील आणि कोणीतरी येऊन सांगेल, "पास्टर, तुम्हीच बोलत जा हो, तुमच्यात अभिषेक आहे." नेतृत्वाची खरी परीक्षा याच वाक्यापाशी होते. ऐकायला गोड वाटते, आणि ज्याने ते मनावर घेतले त्याने पुढची वीस वर्षे एकट्याने ओढायची तयारी ठेवावी.

उपासनेतली काही कामे तर संस्थापकाने कधीच करू नयेत. अर्पण मोजणे हे त्यातले पहिले.

दोर्नकलचे बिशप

या देशात मंडळीच्या वाढीचा अभ्यास करायचा असेल तर परदेशी पुस्तकांआधी वेदनायगम सॅम्युअल अझरायांचे काम पाहावे. तिरुनेलवेलीकडच्या वेल्लालनविलै गावी 1874 साली जन्मलेला हा तमिळ माणूस आधी वायएमसीएचा चिटणीस होता. 1903 साली तिरुनेलवेलीत इंडियन मिशनरी सोसायटी आणि 1905 च्या नाताळच्या दिवशी सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. दोन्हींत त्यांचा पुढाकार होता. दोन्हींचा पाया एकच: माणसे भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय. इतरांना पाठवून ते थांबले नाहीत. 1909 साली निजामाच्या राज्यातल्या दोर्नकलला स्वतः गेले, तेलुगू शिकले, सुरुवातीला तंबूत राहिले. 1912 साली त्यांना बिशप केले गेले. अँग्लिकन मंडळीतले ते पहिले भारतीय बिशप.

नवा बाप्तिस्मा घेतलेल्यांना ते स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावत आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायातले पौलाचे सुवार्तेच्या बंधनाविषयीचे वाक्य स्वतःविषयी म्हणायला लावत. निरक्षर शेतमजूर, बाया, म्हातारी माणसे, सगळ्यांना. सुवार्ता सांगणे हे पगारी माणसाचे काम आहे ही कल्पना त्यांनी बाप्तिस्म्याच्या दिवशीच मोडून काढली. त्यांच्या प्रांतातली ख्रिस्ती लोकसंख्या 1940 च्या सुमारास दोन लाखांवर गेली होती. देशी पाळक दीडशेच्या घरात आणि ग्रामशिक्षक हजारोंनी, एवढ्या माणसांवर तो सारा डोलारा उभा होता. गावोगावचे हे शिक्षक फार शिकलेले नव्हते. मुलांना बाराखडी, मोठ्यांना विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना शिकवणे, संध्याकाळी सर्वांना एकत्र जमवणे, एवढे ते नेमाने करत.

1910 साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत याच अझरायांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले होते की तुमचा त्याग आम्ही मानतो, पण आम्हाला मित्र हवे आहेत. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी हे आपल्यालाही लागू आहे, कारण आता गोरा साहेब गेला आणि त्याच्या खुर्चीवर आपण बसलो. पुण्याचा पास्टर खेड्यात शाखा काढतो आणि तिथल्या सुवार्तिकाला महिन्याचे मानधन व महिन्याचा रिपोर्ट यापलीकडे ओळखत नाही. तो सुवार्तिक तुमच्या घरी मुक्कामाला येतो का, तुमच्या मुलांची नावे त्याला ठाऊक आहेत का, तुमची चूक दाखवायची त्याची हिंमत होते का, यावरून नाते कसले आहे ते कळते.

काम एकाच माणसावर रेलण्याच्या बाबतीत आपल्या मराठी मातीतले एक उदाहरण मनाला चुटपुट लावते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनच्या पगारी कामातून मोकळे होऊन साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र आणणारा बंधुभाव अशी ती कल्पना होती. इतकी अस्सल देशी कल्पना मराठी ख्रिस्ती समाजात पुन्हा क्वचितच निघाली. पण 1919 च्या मे महिन्यात टिळक गेले, आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची गीते मात्र आजही 'उपासना संगीता'तून दर रविवारी गायली जातात. गीते लोकांच्या हाती गेलेली होती. दरबार एका माणसाच्या तेजावर चाललेला होता.

गीतांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले, टिळकांनी ते पुढे नेले; टाळ, मृदंग, अभंगाचा छंद हे सारे उपासनेत आले. आज नव्या मंडळ्यांत बहुतेक गाणी हिंदी किंवा इंग्रजीवरून घाईघाईने उतरवलेली असतात, आणि पडद्यावर शब्द नसतील तर आजीबाईंना एकही ओळ येत नाही. तुमच्या मंडळीतल्या कोणाला चार ओळी रचता येत असतील तर त्याला हुरूप द्या. ज्या मंडळीला स्वतःचे गाणे सुचते ती सहसा कोणाच्या जाण्याने बंद पडत नाही.

पैसा

नव्या मंडळीचा पहिला खर्च पहिल्या अर्पणातून व्हावा, भले मग तो सतरंजीचा असो. बाहेरून पैसा आला की इमारत लवकर होते, हे खरे. पण मग लोक अर्पणाच्या वेळी दहाची नोट टाकतात, कारण खर्च कोणीतरी भागवतो आहे हे त्यांना माहीत असते. ती सवय एकदा लागली की एका पिढीत सुटत नाही.

गरीब लोक काय देणार, असे म्हणणाऱ्यांनी मिझोरामकडे पाहावे. तिथल्या ख्रिस्ती बायकांनी 1910 साली रोजच्या स्वयंपाकाच्या तांदळातून मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढायला सुरुवात केली. ती प्रथा आजही चालू आहे, आणि त्या तांदळाच्या विक्रीतून मिझो मंडळ्यांनी आपले सुवार्तिक राज्याबाहेरही पाठवले. यात सुरुवात करणाऱ्या बायका होत्या हे मुद्दाम लक्षात ठेवा. आपल्याकडे महिला मंडळ प्रार्थना करते, भेटी देते, सणाचा स्वयंपाक करते, वर्गणी जमवते, आणि पंच कमिटीत एखादीच बाई, तीही सह्या करण्यापुरती. कारभार शिकवायचा तर तो यांच्यापासून सुरू करावा. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदनात छापखाना, विणकाम, शेती हे सारे बायकांच्या हातून चालवून दाखवले, त्यालाही शतक उलटून गेले.

आपल्या खेड्यांत कापणीच्या सणाला जोंधळ्याचे पोते, कोंबडी, भोपळा, अंडी अर्पण येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. पुष्कळ नव्या मंडळ्यांना ही पद्धत जुनाट वाटते. मला ती फार शहाणपणाची वाटते. ज्याच्या हाती रोख पैसा नाही त्यालाही ताठ मानेने देता येते आणि लिलावात बोली लावताना अख्खी मंडळी हसतखेळत खर्चाची जबाबदारी उचलते.

हिशेबाविषयी पौलाचा धडा पुरेसा आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला निधी नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली. देवापुढेच काय, माणसांपुढेही बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. प्रेषितालाही जर साक्षीदार लागले, तर आपल्यालाही लागतात. अर्पण दोघांनी मिळून मोजावे, ते दोघे एका घरातले नसावेत. वहीत दोघांच्या सह्या असाव्यात. बँक खाते मंडळीच्या नावाचे, दोन सह्यांनी चालणारे. जमाखर्च दर तीन महिन्यांनी वाचून दाखवावा आणि त्यात पाळकाचे मानधनही मोठ्याने वाचावे. यूपीआयचा क्यूआर कोड पास्टरांच्या खासगी खात्याचा असेल तर तो आजच्या आज काढून टाका. हेतू कितीही चांगला असला तरी.

परदेशातून येणाऱ्या पैशाचा कायदा कडक आहे. परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर संस्थेला परदेशी देणगी घेता येत नाही. नोंदणी असली तरी 2020 च्या दुरुस्तीनंतर देणगी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावी लागते आणि दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. अमेरिकेत किंवा आखातात असलेले आपले मराठी नातेवाईक देणगी देऊ म्हणतात, तिथेही फरक आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय योगदान ठरत नाही. तोच माणूस परदेशी नागरिक झाला असेल तर ठरतो. सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

खरे बोलणे

आमिषाचा आरोप ख्रिस्ती मंडळीवर नेहमी होतो. आरोप करणाऱ्यांच्या हेतूविषयी बोलण्याआधी आपले आचरण तपासावे. 1876-78 च्या भीषण दुष्काळात तेलुगू प्रदेशातल्या ओंगोलला जॉन क्लफ हे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी होते. बकिंगहॅम कालव्याच्या खोदकामाचा ठेका घेऊन त्यांनी उपाशी लोकांना मजुरी दिली. हजारो लोक बाप्तिस्मा मागत असताना, मदत चालू आहे तोवर कोणालाही बाप्तिस्मा द्यायचा नाही असे त्यांनी ठरवले आणि पाळले. मदत संपल्यावरही लोक आले. 3 जुलै 1878 या एका दिवशी 2,222 जणांचा बाप्तिस्मा झाला. तो आकडा लोक सांगतात. त्याआधी दिलेला नकार सांगत नाहीत. माझ्या लेखी नकार मोठा. नव्या मंडळीने मदतकार्य जरूर करावे, पण धान्याचे किट आणि सभेचे निमंत्रण एका हाताने देऊ नये, आणि मदत घेणाऱ्यांची यादी सभासदांच्या यादीला जोडू नये.

बाप्तिस्म्यानंतरचे काम तर त्याहून महत्त्वाचे. बिशप वास्कम पिकेट यांनी भारतातल्या सामुदायिक धर्मांतरांचा अभ्यास 1933 साली प्रसिद्ध केला. लोक कोणत्या हेतूने आले यापेक्षा आल्यानंतर त्यांना काय शिकवले गेले, यावर त्यांचे पुढचे जीवन जास्त अवलंबून होते, असे त्यांना आढळले. म्हणून बाप्तिस्म्याआधी काही महिने आणि नंतर निदान वर्षभर नेमाचे शिक्षण असावे. संख्या दाखवण्याची घाई असणाऱ्याला हे परवडत नाही.

या शिक्षणातच काही कटू गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. अनुसूचित जमातींचे तसे नाही, त्यांचा दर्जा धर्मावर अवलंबून नसतो. मुलाच्या शिष्यवृत्तीवर, नोकरीवर याचा काय परिणाम होईल हे माणसाला आधी कळले पाहिजे. "मनाने ख्रिस्ती व्हा, कागदावर काही बदलू नका" असा सल्ला काही पाळक सर्रास देतात. मला तो मान्य नाही. असा सल्ला देणारा माणूस ज्या प्रभूला सत्य म्हणतो, त्याच्या नावाने नव्या शिष्याला पहिला धडा लपवाछपवीचा देतो. हा भेदभाव अन्याय्य आहे असे वाटत असेल तर उघडपणे लढावे. ख्रिस्ती समाज तसा लढतोही आहे.

राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने धर्म पाळण्याचे व प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. मात्र प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. अनेक राज्यांत धर्मांतराविषयी वेगळे कायदे आहेत आणि ते बदलत असतात. आपल्या जिल्ह्यात आज काय लागू आहे हे वकिलाकडून समजून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून नको. आणि बाप्तिस्म्याचे फोटो देणगीदारांना पाठवणे बंद करा. त्या माणसाला गावात राहायचे असते.

आजारपणाच्या बाबतीतही तेच. प्रार्थना करा, तेल लावा, रात्रभर उशाशी बसा. पण क्षयाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला कोणी कोणाला सांगू नये. डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उभारले आणि पुढे वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले, तेही सुवार्तेचेच काम मानून. बऱ्या झालेल्या माणसाची साक्ष जरूर घ्यावी. त्याच्या हातातली डॉक्टरची चिठ्ठी लपवू नये.

एक पंगत

मंडळी कोणत्या समाजात वाढते, याविषयी डोनाल्ड मॅक्गॅव्हरन यांचे मत जगभर गाजले. मध्य प्रांतातल्या दमोह येथे 1897 साली जन्मलेल्या या मिशनऱ्याने भारतातल्याच अनुभवावरून लिहिले की जात, भाषा, वर्ग यांची भिंत न ओलांडता लोकांना ख्रिस्ती होता येते तेव्हा मंडळी झपाट्याने वाढते. निरीक्षण म्हणून ते खरे आहे. भाऊ भावाला सांगतो, मामा भाच्याला सांगतो, सुवार्ता सोयऱ्याधायऱ्यांतून चालते. पण निरीक्षणाला धोरण केले की एका गावात दोन वस्त्यांच्या दोन मंडळ्या उभ्या राहतात आणि पन्नास वर्षांनीही एकमेकांकडे मुली देत नाहीत. मराठी ख्रिस्ती समाजात आडनाव ऐकून आडून चौकशी करणारे आजही आहेत, हे आपण एकमेकांना सांगायची गरज नाही.

नवी मंडळी ही सवय सुरुवातीलाच मोडू शकते, जुन्या मंडळीला ते फार जड जाते. प्रभुभोजनाचा एक प्याला ही सोपी गोष्ट आहे. जेवणाची पंगत त्याहून अवघड. महिन्यातून एकदा उपासनेनंतर एकत्र जेवण ठेवा आणि ते पाळीपाळीने प्रत्येकाच्या घरी शिजू द्या. कोणाच्या घरचे जेवायला कोण येत नाही, हे पाळकाने डोळे उघडे ठेवून पाहावे, आणि त्या माणसाशी एकांतात बोलावे. वडीलजन निवडताना सगळे एकाच भावकीतले होत नाहीत ना, तेही पाहावे.

शेजाऱ्यांशीही वागणे तसेच असावे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक लावायला कायद्याने बंदी आहे, पण सोसायटीत रविवारी सकाळी नऊलाही ड्रमसेटचा त्रास होतोच. पार्किंगवरून भांडण होते. पुष्कळदा मंडळीला विरोध होतो तो ख्रिस्ताच्या नावामुळे नव्हे, स्कूटरींमुळे. याला छळ म्हणू नये.

दुसऱ्या मंडळीचे सभासद ओढून आपली मंडळी वाढवणे ही वाढ नव्हेच. जुन्या मिशनांनी आपसांत प्रदेश वाटून घेतले होते; त्यातून संप्रदायांच्या हद्दी पडल्या, पण निदान एकमेकांच्या कळपात हात घालायचा नाही एवढा संकेत होता. कोणी रागावून तुमच्याकडे आला तर त्याच्या जुन्या पाळकांना फोन करा. तो माणूस तुमच्याकडूनही रागावून जाणारच आहे.

कागद

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा. जागा घेतली तर ती ट्रस्टच्या नावावर घ्या, पास्टरांच्या किंवा त्यांच्या पत्नीच्या नावावर कदापि नको. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षे न दिल्याने मेलेले विश्वस्त कागदावर जिवंत असलेल्या संस्था आहेत. स्थावर मालमत्ता विकायला आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे आधीच माहीत असू द्या. विश्वस्तांत संस्थापकाच्या घरातला एकाहून अधिक माणूस नसावा, असे ट्रस्टच्या घटनेतच लिहून घ्यावे. हे लिहायला पहिल्या वर्षी कोणी हरकत घेत नाही. दहाव्या वर्षी घेतात.

लग्न लावण्याचा अधिकार प्रत्येक पास्टरला आपोआप नसतो. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ज्याला तो अधिकार किंवा परवाना आहे त्यानेच लग्न लावावे, नाहीतर त्या जोडप्याला पासपोर्टच्या वेळी कळते. दफनाचे तर फारच थोडे लोक आधी बोलतात. शहरातल्या दफनभूमी जुन्या मंडळ्यांच्या किंवा समित्यांच्या ताब्यात असतात, आणि स्वतंत्र मंडळीतला माणूस गेल्यावर घरचे लोक रात्री दारोदार फिरतात. मंडळी सुरू केल्याच्या पहिल्या सहा महिन्यांत ही चौकशी करून ठेवा. रविवारच्या शाळेचे शिक्षक नेमताना चौकशी करावी, मुलांबरोबर कोणीही एकटे राहू नये, आणि काही घडलेच तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावे, पाळकांच्या खोलीत मिटवू नये.

राहिले सोपवणे. संस्थापकाने जाण्याची तारीख मंडळीला वर्षभर आधी सांगावी आणि पुढचा पाळक मंडळीने निवडावा. मुलगा लायक असेल तर त्याने आधी दुसऱ्या मंडळीत काम करून दाखवावे. वडिलांच्या जागेवर थेट बसवू नये. सोपवल्यानंतर निदान एक वर्ष जुन्या पाळकाने त्या मंडळीत उपासनेला जाऊ नये. लोक लग्नाला, बारशाला, दफनाला बोलावतील, रडतीलही. नव्या पाळकाने स्वतः बोलावले तर जावे, मागच्या बाकावर बसावे. आणि कोणी नव्या पाळकाची तक्रार घेऊन घरी आलेच, तर चहा पाजून त्याला त्याच पाळकाकडे परत पाठवावे.